सॅफच्या जर्सीआधी जन्मदाखला: युवा फुटबॉलपटूच्या घरच्यांसाठी मार्गदर्शक

२७ सप्टेंबर २०२५च्या रात्री कोलंबोत सतरा वर्षांखालील सॅफ स्पर्धेची, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या फुटबॉल स्पर्धेची, अंतिम मॅच झाली. भारत २-१ने पुढे होता. भरपाई वेळेत बांगलादेशने बरोबरी केली आणि मॅच पेनल्टीवर गेली. तिथे आपल्या पोरांनी ४-१ने बाजी मारली. आमच्या पेठेत लोकांनी ती मॅच मोबाइलवर बघितली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत मला तीन फोन आले. तिन्ही फोनवर प्रश्न एकच: "सर, आमच्या पोराला त्यात खेळवायचंय, काय करायला लागतंय?"

कोल्हापुरात मी गेली बरीच वर्षं लहान वयोगटांची पोरं खेळवतो. या प्रश्नाला फोनवर उत्तर देऊन आता घसा बसलाय, म्हणून सगळं एकदा लिहूनच काढतो. पोरगा खेळतो कसा, हे मैदानावर दिसतंच. त्याबद्दल घरच्यांना मी वेगळं काय सांगणार? माझ्या डोळ्यांदेखत चांगली पोरं गळाली ती बहुतेक वेळा कागदावर, नाहीतर जन्मवर्षाच्या हिशोबात. त्यामुळे हा लेख बराचसा फायलीबद्दल आहे. फुटबॉल त्यात अधूनमधून येईल.

आधी स्पर्धा ओळखा

सॅफ म्हणजे दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघ, स्थापना १९९७. सध्या त्यात सात देश आहेत: भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका, भूतान आणि मालदीव. अफगाणिस्तान आधी होता, पुढे तो मध्य आशियाच्या गटात गेला. शेजाऱ्यांची स्पर्धा असल्यामुळे इथे मॅच नुसती मॅच राहत नाही. २०२५च्या गटात भारत-पाकिस्तान मॅच ३-२ अशी सुटली, तेव्हा मैदानावर शाळकरी वयाची पोरं होती आणि अपेक्षा मोठ्या संघाकडून करतात तेवढ्या होत्या.

मुलांच्या सर्वांत लहान वयोगटाची ही स्पर्धा २०११ साली काठमांडूत सुरू झाली. पहिल्या फायनलमध्ये पाकिस्तानने आपल्याला हरवलं. २०१३ साली आपण जिंकलो, २०१५ला सिल्हेटमध्ये बांगलादेशने पेनल्टीवर ढाल नेली. २०१९ला पश्चिम बंगालमधल्या कल्याणीत फायनलला आपण नेपाळवर सात गोल चढवले. २०२५चं विजेतेपद धरून या गटात भारताची सात होतात. २०१७, २०१९, २०२२ आणि २०२५ या चार विजयांच्या वेळी डगआउटमध्ये प्रशिक्षक होते गोव्याचे बिबियानो फर्नांडिस. आपल्याकडची पोरं 'तिकडचे लोक आपल्याला बघत नाहीत' म्हणतात, तेव्हा मी त्यांना हे नाव सांगतो. बघणारा माणूस कोकणच्या खालच्या टोकाचाच आहे, बाबा.

मुलींच्या सॅफ स्पर्धा वेगळ्या होतात, त्यांचे वयोगटही वेगळे. खाली जे लिहिलंय ते थोड्याफार फरकाने मुलींनाही लागू आहे.

जन्मवर्षाचं गणित

इथे घाई करू नका. चहा घेऊन बसा आणि पोराचं जन्मवर्ष कागदावर लिहा.

वयोगटाच्या फुटबॉलमध्ये वय मॅचच्या दिवशी मोजत नाहीत. एक तारीख ठरलेली असते, जवळजवळ नेहमी १ जानेवारी, आणि त्या तारखेला किंवा त्यानंतर जन्मलेला मुलगा पात्र. भारतात २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषक झाला तेव्हा रेघ होती १ जानेवारी २०००. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या संघात होता. त्याचा जन्म जुलै २०००चा. ३१ डिसेंबर १९९९ला जन्मलेला एखादा पोरगा त्याच्यापेक्षा भारी असता तरी त्याला त्या दाराने आत जाता आलं नसतं.

आता यातली गोम बघा. जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला, दोघे एकाच गटात. तेरा-चौदाव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे कधीकधी हातभर उंची. निवडणारे लोक कितीही म्हणोत, दांडगा पोरगा आधी डोळ्यात भरतो. तुमचा पोरगा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा असेल तर चौदाव्या वर्षी तो मागे राहिला म्हणून रडारड करू नका. त्याला खेळवत ठेवा, दोन वर्षांनी हिशोब बरोबर होतो. उलट जानेवारी-फेब्रुवारीच्या पोराला आत्ताच सांगून ठेवा की गडी, तुझी उंची उसनी आहे, पायातलं काम शिकून घे.

दुसरी गोम आणखी अवघड. या स्पर्धेचा वयोगटच बदलत राहतो. २०११, २०१३ आणि २०१५ला ती सोळा वर्षांखालील होती. २०१७ ते २०१९ पंधरा वर्षांखालील. २०२२ला सतरा, २०२३ला पुन्हा सोळा, २०२४ आणि २०२५ला सतरा. म्हणजे 'अमुक वर्षी माझा पोरगा बरोबर बसतो' असं तीन वर्षं आधी ठरवता येत नाही. वरच्या आशियाई स्पर्धेच्या वयोगटाप्रमाणे भारताचा महासंघ आपली फळी बांधत असतो, तेव्हा डोळा त्या जन्मवर्षावर ठेवा. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ शिबिराची यादी जाहीर करतो, तेव्हा त्यातल्या पोरांची जन्मवर्षं बघा. तुमच्या पोराचं वर्ष त्यात असेल तर पुढचे अठरा महिने महत्त्वाचे. नसेल तर वरचा, एकोणीस-वीस वर्षांखालचा गट आहेच.

फाईल

एक प्लास्टिकची फाईल आणा. तिच्यात काय हवं ते सांगण्याआधी एक प्रसंग सांगतो.

आमच्याकडे एक लेफ्ट बॅक होता. डावा पाय असा की कॉर्नर मारला तर बॉल जवळच्या खांबाला चाटून आत वळायचा. राज्याच्या शिबिरात त्याचं नाव आलं. आई-बाबांनी नवे बूट घेतले, गल्लीत पेढे वाटले. शिबिरात कागद तपासले तेव्हा जन्मदाखल्यावर तारीख होती १२, शाळेच्या रजिस्टरला २१. बालवाडीत नाव घालताना कोणीतरी आकडे उलटे लिहिले होते. नऊ दिवसांचा फरक, आणि दोन्ही तारखांना पोरगा पात्रच होता. पण दोन कागद दोन गोष्टी सांगतायत म्हटल्यावर त्याला परत पाठवलं. एसटीतून उतरला तेव्हा नव्या बुटांची पेटी हातातच होती, लेबलसुद्धा काढलं नव्हतं.

तर फाईल. सगळ्यांत वर जन्मदाखला, महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा. जन्मानंतर लगेच नोंदवलेला असेल तर उत्तम. पोरगा दहा वर्षांचा झाल्यावर केलेली नोंद बघितली की तपासणाऱ्याच्या भुवया वर जातात, आणि त्यात त्यांचं चुकत नाही. दाखल्यावर नुसतं 'मुलगा' असेल आणि नाव नसेल तर आजच जाऊन नाव घालून घ्या. त्याला मुदत असते.

त्याखाली शाळेचं बोनाफाईड. त्यावरची जन्मतारीख शाळेच्या जनरल रजिस्टरवरून येते. ती चुकली असेल तर मुख्याध्यापकांकडे अर्ज, सोबत मूळ जन्मदाखला, मग शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी. हे काम पोरगा शाळेत शिकत असतानाच करायचं. दहावी होऊन दाखला हातात पडला की मग फिरत बसाल.

मग आधार. आणि आता नावाचा घोळ. आपल्याकडे शाळेत आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. आधारवर नाव आधी आणि आडनाव शेवटी. पासपोर्टच्या अर्जात आडनावाचा रकाना वेगळा. त्यात इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर एक 'ए' घालून आणि दुसऱ्यावर दोन. सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि अक्षर न अक्षर बोट ठेवून वाचा. सोबत पोराला बसवा. लहान डोळ्यांना फरक लवकर दिसतो.

पासपोर्ट निवड झाल्यावर काढू, असं म्हणणारे पालक मला दरवर्षी भेटतात. शिबिरातून अंतिम यादी आणि विमान यांच्यात कधीकधी हातावर मोजण्याइतके दिवस असतात. पोरगा जिल्ह्याच्या संघात आला की पासपोर्ट काढा. अठरा वर्षांखालच्यांसाठी आई-वडील दोघांच्या संमतीचं घोषणापत्र लागतं. एकच पालक असेल तर त्याचा नमुना वेगळा आहे. लहान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षं किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, यातलं जे आधी येईल तोपर्यंत चालतो. पंधरा पूर्ण झालेल्याला दहा वर्षांचाही घेता येतो, तो घ्या. मुदत संपायला सहा महिन्यांहून कमी राहिले असतील तर तो पासपोर्ट संपलाच असं धरून चाला.

परदेशातल्या मराठी घरांसाठी एक ओळ. भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्टच लागतो, परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते ओसीआय कार्ड चालत नाही. मुंबईत जन्मून अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडे २०१७च्या विश्वचषक संघात होता, तेव्हा वाट बंद नाही. पण तिकडचं नागरिकत्व घेण्याआधी हा विचार झालेला बरा.

शेवटचा कागद खरं म्हणजे कागद नाही. अखिल भारतीय महासंघाची मध्यवर्ती नोंदणी आहे, तिला सगळे सीआरएस म्हणतात. तुमचा क्लब पोराची नोंद तिथे करतो आणि त्याला एक क्रमांक मिळतो. 'झाली आहे' असं सांगितलं तरी क्रमांक मागून घ्या, लिहून ठेवा. दोन क्लबांच्या अर्जांवर सही करू नका. एकाने सोडल्याशिवाय दुसरीकडे खेळता येत नाही, आणि त्या भांडणात हंगाम जातो.

हाड काय सांगतं

दरवर्षी एकतरी बाप मला बाजूला घेऊन हळूच विचारतो, "सर, वय दोन वर्षं कमी दाखवलं तर चालतंय का?"

नाही चालत. आणि पूर्वीसारखं खपतही नाही. आपल्याकडे टीडब्ल्यू-३ पद्धतीने चाचणी होते. डाव्या हाताच्या पंजाचा आणि मनगटाचा एक्स-रे काढतात, तेरा हाडांची वाढ कुठवर आली ते बघून गुण देतात आणि त्यावरून हाडांचं वय काढतात. फिफा आणि आशियाई पातळीवर सतरा वर्षांखालच्या मुलांच्या मनगटाचा एमआरआय होतो. मनगटाजवळ लांब हाडाचं टोक आणि दांडा यांच्यामध्ये वाढीची कूर्चा असते. ती पूर्ण मिटून हाड एकसंध दिसलं तर मुलगा सतराच्या पुढे गेला असं मानतात. फिफाने हे २००९च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकापासून सुरू केलं.

यात खऱ्या वयाचा पोरगा कधी अडकतो का? टीडब्ल्यू-३मध्ये अडकू शकतो. काहींची वाढ लवकर होते, चौदाव्या वर्षी दाढी-मिशा फुटलेल्या असतात आणि हाडही पुढे गेलेलं असतं. ते बिचाऱ्याचं दुर्दैव. अशा वेळी आरडाओरडा न करता वरच्या वयोगटात खेळवा. लवकर वाढलेल्या पोराला थोरांशी खेळायला शरीर पुरतंच.

वाट कुठून जाते

सॅफसाठी सहसा खुली ट्रायल नसते, हे आधी डोक्यात घ्या. भारताचा संघ शिबिरातून निवडतात, आणि शिबिराला बोलावणं खेळ बघून येतं. तेव्हा बघणारे जिथे असतात तिथे पोरगा दिसायला हवा.

शाळेची वाट म्हणजे सुब्रतो कप. १९६०पासून चाललेली ही स्पर्धा. आपल्याकडे जिल्हा, विभाग आणि राज्य असं जिंकत राष्ट्रीय फेरी गाठायची. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून शाळांना पत्र जातं. पावसाळा तोंडावर असताना क्रीडाशिक्षकांच्या मागे लागा, कारण ते पत्र टेबलाच्या खणात पडून राहिल्याने संघच न उतरलेल्या शाळा मी बघितल्या आहेत.

संघटनेची वाट म्हणजे क्लब, जिल्हा संघटना, मग विफा. म्हणजे महाराष्ट्राची वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन. कोल्हापुरात जिल्ह्याचं काम केएसए, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन बघते. गोव्यात जीएफए, म्हणजे गोवा फुटबॉल असोसिएशन. तिथून राज्याच्या ज्युनियर आणि सबज्युनियर संघात, आणि राष्ट्रीय स्पर्धेत. तिसरी वाट मोठ्या अकादम्यांची. महासंघाच्या युवा लीगमध्ये त्यांची पोरं वर्षभर खेळतात, म्हणून शिबिरात त्यांचाच भरणा असतो. अनिकेतही कोल्हापुरातून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला होता. बाराव्या-तेराव्या वर्षी घर सोडायचं की नाही, हे मी कोणाला सांगत नाही. त्या घरी मी राहत नाही.

आणि आता ज्याच्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला ते. 'इंडो-नेपाळ इंटरनॅशनल चॅम्पियनशिप', 'साउथ एशियन कप' असली नावं लावून खाजगी लोक पोरांना नेपाळला, भूतानला नेतात. माणशी तीस-चाळीस हजार घेतात. पाठीवर 'इंडिया' लिहिलेली जर्सी देतात, चार मॅच खेळवतात आणि गळ्यात सोनेरी पदक घालून परत आणतात. गावी फ्लेक्स लागतो, मिरवणूक निघते. त्या पदकाचा निवडीसाठी काडीचा उपयोग नाही. सहल म्हणून जायचं तर जरूर जा, काठमांडू बघण्यासारखं आहे. फक्त कर्ज काढून जाऊ नका. ओळखायचं कसं? भारताच्या संघात निवड झालेल्या पोराकडून कोणी पैसे घेत नाही. यादी अखिल भारतीय महासंघ जाहीर करतो. आणि शंका आली तर जिल्हा संघटनेत जाऊन विचारा, 'या स्पर्धेला मान्यता आहे का?' उत्तर एका वाक्यात मिळतं.

हवा, उंची आणि बारा दिवस

२०२५ला भारत जिंकला तो पाच मॅच खेळून: मालदीव, भूतान, पाकिस्तान, मग उपांत्य फेरीत नेपाळ आणि शेवटी बांगलादेश. सगळं १६ ते २७ सप्टेंबरमध्ये. म्हणजे दर तिसऱ्या दिवशी नव्वद मिनिटं, आणि शेवटच्या दोन मॅचमध्ये एकच दिवस मोकळा. आमची पोरं रविवारी एक मॅच खेळून बुधवारपर्यंत पाय धरून बसतात. त्यांना लागोपाठ खेळायची सवय हवी. मॅचनंतरच्या अर्ध्या तासात खाणं आणि रात्री नऊ तास झोप. मोबाइल आईकडे.

जागा बदलली की खेळ बदलतो. थिंपू सुमारे २,३०० मीटर उंचीवर आहे. २०२३ आणि २०२४ची स्पर्धा तिथे झाली. आपण साडेपाचशे मीटरवरची माणसं. पहिले दोन दिवस डोकं जड होतं, पहिल्याच धावेत छाती भरून येते. विरळ हवेत बॉल अंदाजापेक्षा लांब जातो, त्यामुळे गोलकीपर आणि लांब पास देणारे आधी फसतात. तिथल्या चांगलीमिथांग स्टेडियमवर कृत्रिम गवत आहे. लाल मातीवर वाढलेल्या पोराच्या तळव्याला त्यावर फोड येतात. महिनाभर आधीपासून आठवड्यातून दोनदा टर्फवर सराव करा. त्या टर्फला चालणारे आखूड स्टडचे बूट घरीच वापरून मऊ करून घ्या, नवे बूट घेऊन विमानात चढू नका. कोलंबोत उलटं. उंची नाही, पण दमट हवेत घाम वाळत नाही. तिथे ओआरएस आणि जास्तीचे मोजे.

औषधाबद्दल एकच: जिममधल्या दादाने दिलेली पावडर बंद. सर्दीची गोळीसुद्धा डॉक्टरांना 'मी खेळतो' असं सांगून घ्या. दम्याचा पंप असेल तर त्याचा कागद फायलीत ठेवा.

अकराच्या अकरा पेनल्टी

फेब्रुवारी २०२४, ढाका. एकोणीस वर्षांखालील मुलींच्या सॅफची फायनल, भारत विरुद्ध बांगलादेश. आपण लवकर गोल केला, बांगलादेशने भरपाई वेळेत फेडला. मग पेनल्टी. दोन्हीकडच्या अकराच्या अकरा जणींनी, गोलकीपर धरून, गोल केले. ११-११. मॅच कमिशनरने तिथे नाणं उडवलं, आपण जिंकलो, पोरी नाचल्या. पण नियम तसा नव्हता; पेनल्टी पुढे चालू राहायला हव्या होत्या. बांगलादेशने हरकत घेतली, बराच वेळ गोंधळ झाला आणि शेवटी दोघांना संयुक्त विजेते ठरवलं.

आमच्या सरावात तेव्हापासून शुक्रवारी सगळे पेनल्टी मारतात. गोलकीपरपण. दमलेल्या पायांनी, सराव संपल्यावर, आणि बाकीच्यांनी ओरडून त्रास द्यायचा. पहिल्या शुक्रवारी आमच्या गोलकीपरने बॉल भिंतीपलीकडच्या रिक्षावर मारला. आता तो तिसरा मारायला मागतो.

बघायला जायचं असेल तर

नेपाळ-भूतानला आपल्याला व्हिसा लागत नाही. मोठ्यांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. लहान भावंडं बरोबर असतील तर त्यांचेही पासपोर्ट असले की डोकेदुखी नाही. भूतानमध्ये भारतीय पर्यटकाला रात्रीला १,२०० रुपये शुल्क भरावं लागतं, ते खर्चात धरा. स्वस्तात जायचं तर रेल्वेने हासिमारा, तिथून जयगाव आणि सीमेपलीकडे फुंटशोलिंग, मग थिंपूपर्यंत घाटाचा पाच-सहा तासांचा रस्ता. श्रीलंकेला पासपोर्ट हवाच, आणि निघण्याआधी ऑनलाइन परवानगीचे त्या वेळचे नियम बघून घ्या. संघाच्या हॉटेलवर डबा घेऊन जाऊ नका. व्यवस्थापक आत सोडत नाहीत, आणि बरोबरच करतात.

तो लेफ्ट बॅक सध्या आमच्या वरच्या संघात खेळतो. त्याच्या धाकट्या भावाचं नाव यंदा शाळेत घातलं. अर्ज भरायला आई आली नाही, हा स्वतः आला. जन्मदाखला पुढ्यात ठेवून आकडे दोनदा वाचून दाखवले, रजिस्टरमध्ये क्लार्कने तारीख लिहिली तेव्हा वाकून बघितली, आणि त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढूनच बाहेर पडला.